साठ डाव तोंडपाठ

आमच्या घरात अर्थ विचारायची पद्धत नव्हती, पाठ करायची होती. अण्णा, म्हणजे माझे वडील, पंचवटीत यात्रेकरूंचे विधी सांगायचे. त्यांचे वडील तेच करायचे आणि त्यांच्या आधीचेही तेच. मुलगा आठ वर्षांचा झाला, मुंज झाली, की त्याला समोर मांडी घालून बसवायचं आणि संथा द्यायची. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा म्हणायचं, आणि एक अक्षर घसरलं तर पुन्हा पहिल्यापासून. मधेच कुणी अर्थ विचारलाच तर उत्तर ठरलेलं होतं, "आधी मूळ. अर्थ मागाहून येतो." कुठून येतो, किती मागाहून येतो, हे विचारायची सोय नव्हती. अण्णांचं पाठांतर मात्र असं होतं की झोपेतून उठवून मधलाच एखादा शब्द सांगितला तरी ते तिथून पुढे सुरू करायचे, आणि हट्टाला पेटले तर तिथून मागेही जायचे. अडचण एवढीच होती की हे सगळं द्यायचं कुणाला. मी एकुलती एक आणि मुलगी. मुलीला संथा देण्याची रीत आमच्याकडे नव्हती. मोठ्या काकांचा माधव होता, पण त्याला अण्णांसमोर बसवलं तरी त्याचे कान असायचे बोळातल्या क्रिकेटकडे.

घर नदीकडे उतरणाऱ्या बोळात, दुमजली. खाली यात्रेकरूंची पंगत बसायची, वर आम्ही राहायचो. सकाळी पितळी भांड्यांचा खणखणाट सुरू व्हायचा, त्यात घाटावर आपटलेल्या कपड्यांचे आवाज, आणि बोळाच्या तोंडाशी "त्र्यंबक, त्र्यंबक, दोन सीट" म्हणून ओरडणारे जीपवाले. आई वीस-वीस पानांचा स्वयंपाक एकटी रांधायची. उडदाचे वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी. लोकांच्या वाडवडिलांची पानं वाढून जे उरेल ते आमचं जेवण, त्यामुळे आम्ही वर्षातले निम्मे दिवस श्राद्धाचंच जेवायचो. शाळेत माझ्या डब्यातली खीर फार लोकप्रिय होती. मग एका मैत्रिणीच्या आईने सहज विचारलं, "आज कुणाचं होतं गं?" आणि मी खरं सांगून टाकलं. त्या दिवसापासून माझा डबा मला एकटीला पुरला. आज माझ्या हाताखालच्या मुली ऑफिसात एकमेकींच्या डब्यात हात घालतात तेव्हा मला अजून वाटतं, आधी चौकशी करा बायांनो.

बुद्धिबळाचं पुस्तक आमच्या घरात आलं ते एका विसराळू यात्रेकरूमुळे. जबलपूरचे एक गृहस्थ थोरल्या भावाचे विधी करायला आले होते. ते गेले आणि कापडी पिशवी राहिली. पिशवीत एक पंचा, सुपारीची डबी, घडीचा बुद्धिबळाचा पट, लाकडी मोहरी, आणि ग्रँडमास्टर लोकांच्या साठ डावांचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. अण्णांनी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं की हे सगळं भावाचंच होतं, घरात आता खेळणारं कुणी नाही, तुमच्याकडेच असू द्या. अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाले, "वाचणारा गेला म्हणून ग्रंथ पडून राहता कामा नये." झालं, त्यांच्या दृष्टीने ती जबाबदारीच होऊन बसली.

आई माहेरी, सिन्नरला, भावांबरोबर बुद्धिबळ खेळलेली. तिने एका दुपारी आम्हा दोघांना घोडा कसा उडतो, उंट तिरका कसा जातो, हे शिकवलं आणि चालींच्या खुणा वाचायला शिकवलं. अण्णांनी पुस्तक उघडलं आणि त्यांचा चेहरा उजळला. ओळीला आकडे, आकड्यापुढे दोन-दोन पदं, पांढऱ्याचं एक, काळ्याचं एक. "अगं, हे तर पाठ करण्यासाठीच लिहिलंय," ते म्हणाले. चालींच्या मधेमधे बारीक टायपात बराच इंग्रजी मजकूर होता. ही चाल का केली, ती का नाही केली, धोका कुठे होता, बेत काय होता. आईने ते दाखवलं तर अण्णांनी हात हलवला. "ते भाष्य. ते मागाहून."

आणि मग माझी संथा सुरू झाली. बुद्धिबळ मुलीला शिकवू नये असं कुठेच लिहिलेलं नव्हतं, हे अण्णांनी बहुधा मनातल्या मनात तपासून घेतलं असावं. सकाळी सहा ते सात, पहिली यात्रा बस लागायच्या आत. अण्णा म्हणायचे, "ई चार, ई पाच." मी दोनदा म्हणायचे. सरळ झालं की क्रमाने, म्हणजे पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, तिसरं-चौथं, अशा जोड्या लावत. "ई चार ई पाच, ई पाच घोडा एफ तीन, घोडा एफ तीन घोडा सी सहा." मग तेच उलट. काही चालींपुढे छापलेल्या खुणा होत्या. उद्गारचिन्हाची उभी रेघ दिसली की सूर वर न्यायचा, असं अण्णांनी ठरवलं, कारण त्यांच्या पोथीत उभी रेघ म्हणजे तेच. दोन रेघा असल्या तर सूर वर नेऊन लांबवायचा. प्रश्नचिन्हावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि निकाल दिला की हे खाली आलेलं दिसतं, तेव्हा सूर खाली. त्यामुळे जगातल्या मोठमोठ्या खेळाडूंनी केलेल्या घोडचुका मी मान खाली घालून, अत्यंत गंभीर आवाजात म्हणायचे. शेजारच्या यमुताईंना वर्षभर वाटत होतं की आमच्याकडे काहीतरी अनुष्ठान चालू आहे. त्या जाता-येता बाहेरूनच नमस्कार करायच्या.

मला तो तास फार आवडायचा. हे मी आता आठवणीत गोड करून सांगत नाही, तेव्हाही मला ते कळत होतं. दिवसभर अण्णा लोकांचे असायचे. सात वाजले की खाली "गुरुजी, गुरुजी" सुरू व्हायचं. पण सहा ते सात ते माझ्यासमोर बसलेले असायचे, आणि मी अख्खा डाव न अडखळता म्हटला की त्यांचा उजवा हात आपोआप वर यायचा आणि मांडीवर हलकेच पडायचा. तोंडाने शाबास म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. तो हात पडावा म्हणून मी दीड वर्षात साठच्या साठ डाव तोंडपाठ केले, दोन्ही बाजूंनी. आम्ही कधी खेळलो मात्र नाही. पट मांडायचो, पण अण्णा काळ्याच्या पुस्तकातल्या चाली करायचे आणि मी पांढऱ्याच्या. खेळायचं असतं हेच आमच्या दोघांच्या लक्षात आलेलं नव्हतं.

मी सातवीत गेले तेव्हा मोठे काका वर आले. मोठे काका खाली बसून बोलायचे नाहीत, दारात उभं राहून बोलायचे. "माधवची मुंज होऊन वर्ष झालं. त्याचं काय शिकायचं राहिलंय ते बघ जरा. पोरीला लाकडाची घोडी शिकवतोस आणि घरची विद्या वाऱ्यावर." अण्णांकडे मोकळा तास तेवढाच होता, आणि मोठ्या भावापुढे त्यांचा आवाज कधी चढत नसे. पण त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा सौदा केला. शाळेत नोटीस लागली होती, जिल्ह्याच्या निवड स्पर्धेची. मुलींमधून एक जण राज्याच्या स्पर्धेला जाणार होती. "वैशूची निवड झाली तर तास तिचा," अण्णा म्हणाले. "नाही झाली तर माधवचा." काका म्हणाले, "ठीक आहे," आणि जिना उतरून गेले.  राज्याच्या स्पर्धेचं मला काही पडलेलं नव्हतं. मला माझा तास हवा होता.

निघायच्या आदल्या दिवशी आई पीठ मळता मळता म्हणाली, "अहो, पण समोरची मुलगी वेगळंच काही खेळली तर?"

अण्णांना प्रश्नच कळेना. "वेगळं का खेळेल? एवढ्या मोठ्या माणसांनी सगळ्यात चांगलं काय ते लिहून ठेवलंय. ते सोडून मुद्दाम वाईट कोण खेळेल?"

आईने कपाळाला हात लावला आणि कपाळाला पीठ लागलं. मला अण्णांचं पटलं.

स्पर्धा नाशिकरोडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होती. आम्ही आठ मुली, तीन फेऱ्या, जी तिन्ही जिंकेल ती जाणार. पंच म्हणून चित्रकलेचे एक निवृत्त सर होते. पालकांसाठी भिंतीलगत बाकं. पहिल्या फेरीत समोर सिन्नरची एक भित्री मुलगी होती. पाचव्या चालीला तिने घोडा भलतीकडेच नेला. मला तिची दया आली. मी हळूच म्हटलं, "अगं, तिथे नाही. उंट सी पाच." तिने घाबरून सॉरी म्हटलं, घोडा परत ठेवला आणि उंट सी पाचवर नेला. पुढे प्रत्येक चालीआधी ती माझ्याकडे बघायची, मी सांगायचे, ती खेळायची. पुस्तकातला चौथा डाव आम्ही दोघींनी मिळून फार सुरेख वठवला आणि सव्विसाव्या चालीला ती हरली. मला आभार मानून गेली. तिच्या वडिलांना हे कळलं तेव्हा सरांनी निकाल तसाच ठेवला, पण मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बाळ, समोरच्याला काय खेळायचं ते सांगायचं नसतं." मी विचारलं, "चुकलं तरी?" सर म्हणाले, "चुकलं तर फारच सांगायचं नसतं."

दुसऱ्या फेरीत मी तोंड मिटून बसले, पण सवयीने मान वर-खाली होत होती आणि ओठ हलत होते. समोरच्या मुलीला ते पाहून धडकी भरली असावी. तिने चक्क वजीर माझ्या प्याद्याच्या तोंडी आणून ठेवला. आता पुस्तकात त्या जागी वजीर मारलेला नव्हता, कारण पुस्तकात तो तिथे आलाच नव्हता. मी पुस्तकाप्रमाणे हत्ती सरकवला. तिला वाटलं यात काहीतरी खोल डाव आहे. विचार करकरून तिने वजीर तिथेच ठेवला आणि दुसरंच काही खेळली. मी पुन्हा पुस्तकाप्रमाणे. सर येऊन आमच्या पटामागे उभे राहिले आणि टक्कल खाजवायला लागले. तिसऱ्यांदा मात्र मला मोह आवरला नाही. अण्णांची नजर चुकवून मी वजीर मारला. चोरी केल्यासारखं वाटलं, पण तिने तिथेच डाव सोडला आणि मी जिंकले.

तिसऱ्या फेरीत समोर आली लासलगावची सुनंदा. तिचे वडील कांद्याच्या बाजारात वजनकाट्यावर होते. लिलाव सुरू होईपर्यंत व्यापारी ट्रॅक्टरच्या सावलीत पट मांडतात, त्यांच्यात बसून ही शिकलेली. दोन घट्ट वेण्या, पायात मोठ्या भावाच्या असाव्यात अशा चपला. मी अकरावा डाव काढला, माझा सगळ्यात आवडता, आणि राजाच्या पुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. सुनंदाने कोपऱ्यातलं प्यादं एक घर पुढे केलं. साठ डावांत पहिल्या चालीला असलं कुणी काही केलेलं नव्हतं. मी सगळे साठ मनातल्या मनात चाळले. माझ्या तोंडून निघून गेलंच, "इथे ई पाच असतं."

"आसंल," सुनंदा म्हणाली. "मी हे खेळते. तू तुझं खेळ ना."

 घड्याळ टिकटिकत होतं आणि माझ्याकडे पुढची चालच नव्हती, कारण मागची चाल झालेलीच नव्हती. बाकावरून अण्णांनी हे पाहिलं. त्यांना वाटलं, पोरगी विसरली. शिष्य अडला की गुरू सुरुवात करून देतो, तसं त्यांनी अगदी स्वच्छ आवाजात अकरावा डाव सुरू केला, हात वर-खाली करत. सगळ्या हॉलने माना वळवल्या. सर धावत गेले. "अहो गुरुजी, हे चालत नाही इथे. बाहेर बसा."

"मी सांगत नाही हो काही," अण्णा म्हणाले, "नुसतं म्हणतोय."

त्यांना हॉलबाहेर नेलं. ते खिडकीशी उभे राहिले, ओठ अजून हलत होते. काचेतून मला दिसत होतं की ते आता सातव्या-आठव्या चालीपर्यंत आलेत, आणि माझ्या पटावर त्यातली एकच चाल झालेली होती. तेव्हा मला कळलं की अण्णांना बुद्धिबळ येत नाही. त्यांना पुस्तक येतं. माझे अण्णा, ज्यांना सगळं येतं असं मी बारा वर्षं समजत होते. मला रडू आलं, आणि रागही आला, आणि त्या रागातच मी एक घोडा उचलून मनाला येईल तिथे ठेवला. तो आयता मारलेला वजीर सोडला तर माझ्या आयुष्यातली ती पहिली स्वतःची चाल. बरी होती, असं मला आजही वाटतं.

मग पंधराएक चाली कशाबशा गेल्या आणि अचानक पट ओळखीचा दिसायला लागला. सुनंदाचा राजा कोपऱ्याकडे जाऊन बसलेला, माझा उंट दुरून त्याच्या पुढच्या प्याद्यावर डोळा ठेवून, घोडा आणि वजीर तयार. हे अकराव्या डावातलंच ठिकाण, वेगळ्या वाटेने आलेलं. इथे उंटाने प्यादं मारायचं, दोन उभ्या रेघा, सूर वर नेऊन लांबवायचा. मी उंट दिला. राजाने तो मारला. घोडा उडाला, शह. सुनंदाचा चेहरा उतरला. ती बोटांवर काहीतरी मोजत बसली आणि मग तिच्या उंटाने माझा घोडा मारला. पुस्तकातही मारतो. मग कोपऱ्यातलं पांढरं प्यादं तो उंट मारतं आणि मागच्या हत्तीचा रस्ता थेट राजावर उघडतो. मी प्याद्याकडे हात नेला. प्यादं तिथे नव्हतं. ते आपलं घरीच, हत्तीच्या पुढ्यात, पहिल्या दिवशी ठेवलं तसं उभं होतं.

पुस्तकात ते आठव्या चालीला दोन घरं पुढे गेलेलं होतं. "एच चार." शेकडो वेळा मी ते म्हटलं होतं. त्याच्यापुढे कुठलीच खूण नव्हती म्हणून सपाट आवाजात, पुढच्या चांगल्या चालींकडे जायच्या घाईत. सगळ्या डावाचा भार त्याच्यावर होता आणि मला ते भरतीचं वाटायचं. दोन मोहरी कमी झाल्यावर पुढे काय उरलं. दहा चालींत मी हरले.

सुनंदा उठली नाही. तिने मोहरी परत मागे नेऊन ठेवली. "लय भारी आलती तू," ती म्हणाली. "मी घाबरलेच व्हते. पण तुझा घोडा एकटाच आला ना इथं. मागं कोण हाय त्याच्या? कोणच नाय." आणि तिने माझं प्यादं बोटाने दोन घरं पुढे सरकवलं. "हे इथं आसतं तर मी मेलेच व्हते." दारात अण्णा येऊन उभे होते. त्यांनी ते सगळं ऐकलं. पंधरा वर्षांनी सुनंदाच्या लग्नाला मी लासलगावला गेले, तेव्हाही तिने नवऱ्याला माझी ओळख करून दिली ती, "हिनं मला खेळताना चाली सांगितल्या व्हत्या," अशी.

 घरी येताना बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत रडत होते. मोठे काका दारात उभेच होते. "काय झालं?" अण्णा म्हणाले, "उद्यापासून माधवला पाठवा." दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी पांघरुणात डोकं खुपसून माधवचं अडखळणं ऐकत पडले. माझ्या जागेवर बसून तो जांभया देत होता. असा राग मला आयुष्यात त्यानंतर क्वचितच कुणाचा आला असेल, आणि बिचाऱ्याची त्यात काही चूक नव्हती.

तीन दिवस अण्णा माझ्याशी नजर मिळवत नव्हते. चौथ्या दिवशी दुपारी पंगत उठली, पत्रावळी गेल्या, आणि ते पिशवी घेऊन वर आले. पट मांडला, आणि नेहमीच्या जागी न बसता समोर, मी बसायचे तिथे मांडी घालून बसले.

"अकरावा डाव," ते म्हणाले. "एच चार. का?"

मी सांगितलं. घोडा पुढे जातो तेव्हा त्याच्या पाठीशी कुणीतरी लागतं. तो मेला तर प्यादं वसूल करतं आणि हत्तीला रस्ता मिळतो. म्हणून आधीच, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, ते पुढे जाऊन बसतं. अण्णांनी ते दोनदा म्हणून घेतलं. मग विचारलं, "हे तुला त्या मुलीने सांगितलं?" मी म्हटलं, "हो. पण पुस्तकातही आहे," आणि बारीक टायपातली ओळ शब्दकोश घेऊन त्यांना वाचून दाखवली. 

"चाळीस वर्षं म्हणतोय मी," ते म्हणाले. पुस्तकाबद्दल बोलत नव्हते ते. "त्यात असं कुठे काय दडलंय, मला कुणी सांगितलं नाही. मीही कधी विचारलं नाही. आणि तुलाही तसंच शिकवलं." माझे अण्णा माझ्यापुढे असे ओशाळून बसलेले मला बघवेनात. मी म्हटलं, "खेळू या का?"

"खेळू. पुस्तकातलं नको."

त्यांनी बराच विचार करून एक प्यादं पुढे केलं आणि चोरट्या नजरेने माझ्याकडे पाहिलं. साठ डावांत नसलेली चाल होती ती, आणि अगदीच वाईट होती. बाराव्या चालीला अण्णा हरले. आपला राजा कुठून कसा सापडला, ते त्यांना कळेना. ते पुढे वाकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "कुठे चुकलो ते दाखव."

मी चौथ्या चालीपासून दाखवायला सुरुवात केली. खालून आईने चहाला दोनदा हाक मारली, पण अण्णा उठले नाहीत.